केरूचं विमान, माझं वावर

ता. ८ ऑक्टोबर १९३५, मंगळवार

नाय देणार! जीव गेला तरी नाय देणार!

सकाळी वावरात बाजरीची कणसं खुडत होते तर केरू बांधावर येऊन उभा. हात पाठीमागं. माझा हा धाकटा भाऊ हात पाठीमागं घेऊन उभा राह्यला की समजायचं, याला काहीतरी पाहिजे. चड्डी घालत होता तेव्हापासनंची खोड. आता चाळिशीला टेकला तरी तेच.

"आक्का, बाजरी निघाली की हे वावर नांगरू नको."

"का रे?"

"हरभरा पण पेरू नको."

"मग काय पेरू? तुझं डोकं?"

"विमान उतरवायचंय इथं."

अरे वा! आबांनी मला चोळीबांगडीला म्हणून हे वावर लिहून दिलं. नवरा गेला, बांगड्या फुटल्या, राह्यलं ते वावर. अख्ख्या गावात माझ्या एकटीच्या नावावर काय असंल तर ते हे! आणि हा म्हणतो पडीक ठेव! दुभती गाय हातानं आटवायची का? मी त्याला विळा दाखवला. हसत गेला मेला.

ता. ९ ऑक्टोबर

आज पण नाय म्हणाले. त्यानं भाकरी अर्धीच खाल्ली. नको खाऊ! उरलेली म्हशीला घातली. ती तरी गुमान दूध देते, वावर मागत नाय.

ता. ११ ऑक्टोबर, शुक्रवार

डोकं भणभणतंय. लिहून काढते, नायतर कुणाला तरी दगड मारीन.

पाणवठ्यावर कमळाबाई भेटली. आमच्या वाल्मीक पाटलाची बायको. सगळ्या बायांदेखत म्हणते, "नवसाबाई, तुझा केरू विमान चालवतो म्हणे. आमचे हे म्हणत होते — चालवत नसंल, पुसत असंल!" बाया लागल्या खिदळायला. मी म्हणलं, "पाटलीणबाई, तुमचा भाचा नाशिक रोडच्या छापखान्यात नोटा छापतो म्हणे. तिथला झाडू काय चांदीचा असतो का हो?" तोंड एवढंसं झालं तिचं. घागर अर्धीच भरून गेली.

पण मला लागलं. पुसत असंल म्हणे!

होय, पुसत होता! जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेला तेव्हा धड मिसरूड फुटलं नव्हतं. उन्हात पेट्रोलचे डबे वाहायचा, साहेबाचं विमान पुसायचा. पुसता पुसता त्याचं पोट उघडून बघायला शिकला. एक विमान उतरता उतरता पेटलं तर आतला साहेब यानं ओढून काढला. कोपरापर्यंत हात भाजला, अजून तिथं एक केस नाय. त्याचं मेडल मिळालं. (ते मी एकदा म्हशीच्या गळ्यात बांधून तिला गावातनं मिरवली. केरू माझ्याशी बोलंना, पण म्हशीनं मान काय ताठ धरली होती!)

परत आला, शेती केली, मन लागंना. मग मुंबईला जुहूला एका पारशी शेटचं विमान राखायला राह्यला. दिनशाशेट त्यांचं नाव. शेटला हौस दांडगी, पण वर गेलं की ओकाऱ्या! म्हणून त्यांनी यालाच शिकवलं, परीक्षेला बसवलं, सरकारी परवाना काढून दिला. आता वर्षातले आठ महिने हा शेटचं विमान चालवतो. जत्रेत पाळण्यात बसवावं तशी माणसं बसवतो अन् आभाळात फिरवून आणतो. पावसाळ्यात जुहूला पाणी तुंबतं, विमानं बंद. मग चार महिने घरी येऊन माझ्याबरोबर चिखलात वाकतो. दाखवा असा दुसरा अख्ख्या नाशिक जिल्ह्यात!

लग्न तेवढं झालं नाय. उडत्या माणसाला पोरगी कोण देणार, उद्या कुठल्या बाभळीवर सापडंल! — हे मी म्हणलं तर चालतं. कमळाबाईनं नाय म्हणायचं.

ता. १२ ऑक्टोबर

वावर दिलं.

केरूला म्हणलं, "उतरव एकदाचं. जमलं तर पाटलाच्या पागोट्यावर उतरव." त्यानं खाली वाकून माझे पाय धरले. मी म्हणलं, "लाडात येऊ नको. नाताळपातुर आला नायस तर नांगरून हरभरा टाकीन बघ!"

"टाकशील," म्हणतो. "तुझा काय भरवसा!"

ता. १६ ऑक्टोबर, बुधवार

बाजरी निघाली. केरू धसकटं उपटतोय. खड्डे मुरमानं भरले, वर दगडी रूळ फिरवला. मग काय सुचलं त्याला — बैलगाडीत तोंडापर्यंत भरलेली घागर ठेवली अन् गाडी वावरातनं पळवली. या टोकापासनं त्या टोकाला. घागरीतलं पाणी सांडलं तिथं पुन्हा रूळ. असं दिवसभर. माझी घागर!

"जमीन दगडासारखी पाहिजे आक्का. मऊ मातीत चाक रुतलं की विमान नाकावर पडतं. मग आतला माणूस..." अन् मान मोडल्यासारखी केली.

म्हणलं, "अभद्र बोलशील तर वावर परत घेईन."

शेजारची गुलजारबी बांधावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "अगं बहन, लोकं जमीन मऊ करायला मरतात अन् तुम्ही दोघं तिला दगड करताय! याला काय झालं?" म्हणलं, "लढाईत डोक्यावर पेट्रोलचा डबा पडला."

ता. १९ ऑक्टोबर

गेला मुंबईला. घर खायला उठतं. तरी बरं, आता कुणी माझ्या ताकात बोट घालून चाखत नाय.

ता. १८ नोव्हेंबर, सोमवार

सगळ्यांचे हरभरे वीतभर झाले. माझं वावर टकलं! जाणारा येणारा विचारतो, "नवसाबाई, बी मिळालं नाय का?" एकानं तर विचारलं, "घरात दुखणं हाय का कुणाचं?" आज पाटील स्वतः बांधावर थांबला. "बाई, बाप असता तर रडला असता हे बघून." बाप असता तर तुझ्या पाठीत नांगराचं रुमणं घातलं असतं, असं म्हणायचं होतं. म्हणलं नाय. पण माझं पण आतडं तुटतं. रोज बांधावर जाते अन् न बघता परत येते.

ता. १४ डिसेंबर, शनिवार

कार्ड आलं! नाताळात देवळालीच्या छावणीत गोऱ्या साहेबांना अन् मडमांना आभाळात फिरवायचंय. तिथनं शुक्रवारी, २७ तारखेला सकाळी विमान घेऊन गावाला येतो. वाऱ्याची दिशा कळायला बांधावर ओल्या पाल्याचा धूर कर, असं लिहिलंय. खाली — "वावर नांगरलंस का?"

चावट!

मी कार्ड घेऊन आधी पाणवठ्यावर गेले. मोठ्यानं वाचलं. दोनदा.

ता. १७ डिसेंबर

पाटलाचा रंगच पालटला! मामलेदार कचेरीतनं पण त्याला खबर आली, विमान खरंच येणार. कालपर्यंत पुसत होता तो केरू आता "आपला केरू" झाला. पागोटं नवीन, वाजंत्री ठरली, कमळाबाई विमानाला ओवाळणार. माझ्या वावरात पाटलाची मिजास!

ता. २० डिसेंबर, शुक्रवार

रागानं लिहितेय. अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

कमळाबाई घरी आली. गोड गोड बोलली, चुलीपाशी बसली, अन् मग — "नवसाबाई, राग मानू नको. एवढं लाखाचं यंत्र पहिल्यांदा गावात येतंय. त्या वेळेला तू घरातच थांब. उतरून सगळं झालं की भेट भावाला. पांढरं कपाळ समोर नको."

वावर माझं! हरभरा माझा बुडाला! भाऊ माझा! कडेवर घेऊन मी वाढवला त्याला. अन् त्याच्यासमोर हिनं उभं राह्यचं, मी कडीच्या आत?

म्हणलं, "पाटलीणबाई, बसऱ्याला गेला तेव्हा वेशीपर्यंत मीच गेले होते. तेव्हा पण माझं कपाळ पांढरंच होतं. जिता परत आला."

म्हणाली, "तेव्हा गाव कुठं बघत होतं?"

बघा! म्हणजे केरूची काळजी नाय. गावाची!

ता. २२ डिसेंबर

चुलतभावाची लेक सिन्नरला बाळंत होतीय, अडलीय म्हणून निरोप. जाऊन येते. शुक्रवारच्या आत परत. वावरावर गुलजारबीला लक्ष ठेवायला सांगितलं.

ता. २६ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी आले. मुलगी झाली, दोघी बऱ्या.

अन् माझं वावर नांगरलं!

डोळ्यावर विश्वास बसंना. सगळं! या बांधापासनं त्या बांधापर्यंत! नुसतं नांगरलं नाय — कुळवून ढेकळं फोडली, वर मोटेचं पाणी शिंपडलं! पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत. मधोमध आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण, केळीचे खुंट.

तशीच पाटलाकडं गेले. म्हणलं, हे कुणी केलं? तर तो छाती पुढं काढून — "आम्ही! गावातली सगळी औतं लावली. किती कडक ठेवलं होतंस बाई! बैल बसवायचा झाला तरी माणूस मऊ जागा बघतो. एवढं नाजूक यंत्र, काचेचं अन् कापडाचं, ते काय दगडावर बसवायचं? गादी केलीय गादी!"

गादी!

मी सांगितलं, चाक रुतंल, नाकावर पडंल, माझा भाऊ मरंल. हात जोडले. म्हणलं, औतं द्या, रात्रभर पाटा फिरवू, बैलं तुडवू. तर सगळे हसले. "बाई, तू कधी बसलीस विमानात?" "पडीक जमीन ठेवून ठेवून डोकं फिरलंय हिचं." गुलजारबीनं पण नांगरताना लय आरडाओरडा केला होता म्हणे. तिचं कोण ऐकतंय!

देवळालीला निरोप धाडायला माणूस नाय. विमान सकाळीच उठणार. मी पायी निघाले तर पोचेपर्यंत तो इथं येऊन पडलेला असंल.

आता काय करू? काय करू मी?

ता. २७ डिसेंबर, शुक्रवार

हात पाय सगळे खरचटलेत. लिहिते.

सकाळी दाराला बाहेरनं कडी! कुणी लावली ते मला ठावं हाय. मी आतनं दार बडवलं, घराण्याचा उद्धार केला. कुणी येईना, सगळं गाव वावरात. वाजंत्री ऐकू येत होती. मग आभाळात घरघर सुरू झाली. मी खड्डे खणायची लोखंडी पहार घेतली दार तोडायला — तेवढ्यात कडी निघाली. गुलजारबी! "पळ बहन!"

पळाले. डोक्यावरचा पदर गेला, गेला. माणसांतनं घुसले. कमळाबाई ताट घेऊन उभी होती, तिला धक्का लागला, ताट पडलं. लागू दे! वावरात शिरले, पाय रुतत होते, पडले, उठले. मधोमध जाऊन उभी राह्यले. तोरण ओढून फेकलं.

विमान समोरनं येत होतं. पिवळं. केवढं मोठं! मी दोन्ही हात वर केले. म्हणलं, आता माझ्यावर उतरव, बघू! तर ते खाली, अजून खाली. चाकं दिसायला लागली. मी हललेच नाय. शिव्या देत होते — केऱ्या, मेल्या, आंधळ्या, वर जा! अगदी डोक्याशी आलं अन् झपकन वर गेलं. वाऱ्यानं मी आडवी पडले, तोंडात माती.

मला वाटलं, समजलं त्याला. तर वळसा घालून पुन्हा आला! पुन्हा खाली! एकदा नाय, आणखी दोनदा! मी पुन्हा पुन्हा उठून उभी राह्यले. शेवटी विमान वर चढलं अन् देवळालीच्या बाजूला गेलं. बारीक होत होत दिसंनासं झालं.

वाजंत्री बंद पडली होती. मी वळून बघितलं तर अख्खं गाव माझ्याकडं बघतंय. मग पाटील म्हणाला, "झालं बाई तुझं समाधान?"

ता. २८ डिसेंबर

पांढरं कपाळ समोर उभं राह्यलं म्हणून विमान उतरलं नाय. पाणवठ्यावर हेच. पिठाच्या चक्कीवर हेच. मी गेले की रस्ता मोकळा! आतापर्यंत निदान सणासुदीला टाळायच्या, आता पाणी भरताना पण बाजूला सरतात.

अन् वर हे ऐका — "आत केरू होता कशावरनं? गोरा असंल कुणीतरी. म्हणून तर उतरला नाय!"

अरे, एकतर मी हाकललं म्हणा, नायतर तो नव्हताच म्हणा! दोन्ही कसं म्हणता?

ता. ३० डिसेंबर, सोमवार

केरूचा काही पत्ता नाय. कार्ड नाय, निरोप नाय. देवळालीहून विमान मुंबईला परत गेलं, एवढं कळलं.

माझ्या मनात एक किडा शिरलाय. हाच फुशारकी मारायचा — आक्का, वरनं बांधावरची बकरी दिसते, काळी का पांढरी ते पण कळतं. मग नांगरट दिसली असणार. मी पण दिसले असणार, हात नाचवताना. अन् त्याला काय वाटलं असंल? आक्कानं नांगरलं! रागानं. म्हणालीच होती नांगरीन म्हणून. अन् वर हाकलायला उभी राह्यली!

एवढं ओळखलंस होय रे मला? विचारायला तरी यायचंस! माझा हरभरा गेला, गावात तोंड गेलं, अन् हा तिकडं रुसून बसला! येऊ दे. उंबऱ्यातच उभा करते.

ता. १ जानेवारी १९३६

नाय आला. मी पण जेवले नाय. भूक नव्हती, दुसरं काही नाय.

ता. ३ जानेवारी, शुक्रवार

केरू आला. टांग्यानं. ट्रंक, वळकटी, सगळंच घेऊन.

उंबऱ्यातच उभा करणार होते. पण त्यानं पाय उंबऱ्याला ठेचला अन् दार चाचपलं. मी बाजूला सरले.

आत बसला. पाणी पण प्याला नाय. म्हणाला, "आक्का, तू वावर नांगरलंस का?"

भडकलेच! म्हणलं, "दिसलं ना वरनं? मग विचारतोस कशाला!"

"नाय दिसलं."

"काय?"

"मला नांगरट दिसली नाय. तू पण नाय. होमीनं सांगितलं नंतर."

होमी म्हणजे दिनशाशेटचा भाचा. त्याला पण परवाना हाय, तो पुढच्या बैठकीवर होता. केरू म्हणाला, उजवा डोळा बसऱ्यापासनंच जरा अधू, डाव्याच्या जोरावर परवान्याची तपासणी निभावली, आता डावा पण चाललाय. सगळं ताकातनं बघितल्यासारखं दिसतं. "खालचं वावर मला ठावं होतं. हातानं केलेलं. म्हणलं, डोळे मिटून उतरवीन. होमी ओरडला — बाई हाय, बाई हाय! — अन् त्यानं त्याच्या बाजूचा चालवायचा दांडा ओढला. मला वाटलं, पोरगं घाबरलं. मी पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. शेवटी त्यानं माझ्याकडनं काढूनच घेतलं. तू नसतीस तर आम्ही दोघं..."

मी त्याच्या पाठीत दाणकन धपाटा घातला. म्हणलं, "असले डोळे घेऊन लोकांना बसवत होतास?"

"दिवाळीपासनं नाय. दिवाळीपासनं होमीच चालवतो. मी नुसता बरोबर." मग म्हणाला, "या महिन्यात सरकारी डोळेतपासणी. परवाना जाणारच. म्हणलं, त्याच्या आधी एकदा आपल्या गावात... पाटलासमोर..."

माझ्यासाठी! मीच म्हणलं होतं, पाटलाच्या पागोट्यावर उतरव!

मी चुलीत काटक्या सारल्या. मग तो हळूच म्हणाला, "आक्का, गावात कळू देऊ नको. आंधळा केरू म्हणतील. म्हणतील, याला कधी येतच नव्हतं."

मी भाकरी थापायला घेतली.

ता. ४ जानेवारी, शनिवार

पाटलाच्या ओट्यावर गेले. चार माणसं बसली होती. म्हणलं, "पाटील, तुमचं खरं. विमान मीच हाकललं. आत केरूच होता. माझा हरभरा बुडाला त्याचा राग होता मला. काल त्याला गळ्याची शपथ घातली, पुन्हा उडालास तर माझं मेलेलं तोंड बघशील. म्हणून सोडलं त्यानं. नायतर त्याच्यासारखा चालवणारा मुंबईत नाय."

कमळाबाई दारातनं म्हणाली, "म्हणलं नव्हतं? पांढऱ्या पायाची! सोन्यासारख्या भावाचं वाटोळं केलं."

"हो, पाटलीणबाई," मी म्हणलं.